वेबसॉकेटची जोडणी आणि क्लायंटची जबाबदारी : एक ऐतिहासिक विवेचन

१. विषयप्रवेश

संगणकांच्या जाळ्यावरून संदेशांची देवाणघेवाण करण्याच्या पद्धतींचा इतिहास सामान्यतः वेगाचा इतिहास म्हणून सांगितला जातो. पूर्वी संदेश पोहोचण्यास विलंब लागे, पुढे तो कमी होत गेला, आणि वेबसॉकेट प्रोटोकॉल आल्यानंतर तो जवळजवळ जाणवेनासा झाला, अशी त्याची मांडणी असते. ही मांडणी खोटी नाही; परंतु ती अपुरी आहे. दोन टोकांमधील दीर्घकाळ टिकणाऱ्या जोडणीसंबंधी दोन भिन्न प्रश्न संभवतात. संदेश किती त्वरेने जातो, हा पहिला. आणि जोडणी अद्यापि जिवंत आहे किंवा नाही हे कोणी व कसे ओळखावयाचे, हा दुसरा. वेबसॉकेटने पहिल्या प्रश्नाचे उत्तर समाधानकारक रीतीने दिले. दुसऱ्याचे उत्तर मात्र त्याने बव्हंशी ब्राउझरमध्ये चालणाऱ्या प्रोग्रॅमवर, म्हणजे क्लायंटवर, सोपविले.

हा दुसरा प्रश्न क्लायंटच्या अंगणात कसा येऊन पडला, याचा मागोवा घेण्याचे प्रस्तुत लेखात योजिले आहे. प्रश्न केवळ विद्वच्चर्चेचा नव्हे. बाजारभावाचा फलक, रुग्णाच्या नाडीचे ठोके दाखविणारा पडदा अथवा दोन व्यक्तींमधील संभाषण, यांपैकी कोठेही जोडणी मूकपणे तुटली आणि पडद्यावर जुनाच आकडा स्थिर राहिला, तर पाहणाऱ्यास तो खराच वाटतो. यंत्र बंद पडले तर निदान ते बंद पडल्याचे कळते. येथे यंत्र चालू दिसते आणि माहिती मात्र शिळी असते. म्हणून वेबसॉकेटच्या घटना हाताळणे हा केवळ सोयीचा भाग न समजता, त्या घटना काय सांगतात व काय सांगत नाहीत, हे इतिहासाच्या आधारे पाहणे इष्ट ठरते.

२. पूर्वपीठिका : टीसीपीचे मौन

'सॉकेट' ही संज्ञा जाळ्याच्या परिभाषेत जुनी आहे. आर्पानेटच्या काळात, १९७१ मध्ये निघालेल्या आरएफसी १४७ या टिपणात तिची व्याख्या करण्याचा प्रयत्न आढळतो. पुढे १९८३ मध्ये बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या युनिक्स आवृत्तीतून (४.२ बीएसडी) सॉकेट ही प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांच्या नित्य वापरातील वस्तू झाली. तिच्या मुळाशी असलेल्या टीसीपी या प्रोटोकॉलचे प्रमाणभूत स्वरूप १९८१ च्या आरएफसी ७९३ मध्ये निश्चित झाले होते.

टीसीपीच्या त्या दस्तऐवजातच 'अर्धी उघडी' राहिलेल्या जोडणीचा विचार केलेला आहे. एक टोक कोलमडून पडले आणि दुसऱ्यास त्याची वार्ताच नसली, म्हणजे अशी स्थिती उद्भवते. तिचे निराकरण कसे व्हावे? तर कोणत्याही बाजूने काही पाठविण्याचा प्रयत्न झाला की ती उघडकीस येईल, अशी योजना आहे. याचा व्यत्यासही तितकाच महत्त्वाचा आहे : दोन्ही बाजूंनी काहीच पाठविले नाही, तर काहीच उघडकीस येणार नाही. टीसीपीच्या दृष्टीने मौन हे मृत्यूचे लक्षण नव्हे.

हे मौन अनवधानाने राहिलेले नाही. १९८९ च्या आरएफसी ११२२ मध्ये जोडणी जागती आहे का हे अधूनमधून तपासण्याच्या सोयीस अनुमती देण्यात आली. परंतु ती सोय आरंभी बंदच असावी, आणि चालू केल्यास तपासणीचे मूळ अंतर दोन तासांहून कमी नसावे, असा दंडक घालण्यात आला. त्यामागील कारणे विचारपूर्वक दिलेली आहेत. जाळ्यात क्षणिक बिघाड झाला असता अशा तपासणीमुळे चांगली जोडणीही तोडली जाण्याचा संभव असतो. शिवाय निष्कारण वाहतूक वाढते आणि तिचा खर्च पडतो. दोन तासांचे हे अंतर आजच्या वापरकर्त्याच्या दृष्टीने अनंतकाळासारखेच आहे.

या धोरणास तात्त्विक बैठक लाभली ती जेरोम साल्ट्झर, डेव्हिड रीड आणि डेव्हिड क्लार्क यांच्या १९८४ मधील सुप्रसिद्ध निबंधामुळे. ज्या कार्याची पूर्तता दोन्ही टोकांवरील प्रोग्रॅमच्या ज्ञानावाचून होऊ शकत नाही, ते कार्य मधल्या जाळ्यावर लादण्यात अर्थ नाही, असे त्यांच्या प्रतिपादनाचे सार आहे. जोडणी किती काळ मूक राहिली असता ती मृत मानावी, हा निर्णय याच वर्गात मोडतो. संभाषणात अर्ध्या मिनिटाचे मौन स्वाभाविक असेल. नाडीच्या आलेखात पाच सेकंदांचे मौन चिंताजनक ठरेल. जाळ्यास हा भेद कळणे शक्य नाही.

३. वेबची प्रश्नोत्तर-पद्धती आणि तिचा ताण

वेबची उभारणी टीसीपीवर झाली असली तरी तिचा स्वभाव निराळा होता. एचटीटीपी प्रोटोकॉलमध्ये ब्राउझरने प्रश्न करावा आणि सर्व्हरने उत्तर द्यावे, असा क्रम ठरलेला आहे. सर्व्हरने आपण होऊन बोलावे, अशी तरतूद मुळात नव्हती. त्यामुळे नवी माहिती केव्हा आली हे कळण्यास ब्राउझरने ठराविक अंतराने पुनःपुन्हा विचारीत राहणे एवढाच मार्ग उरे.

हे बंधन सैल करण्याचे प्रयत्न लवकरच सुरू झाले. १९९५ मध्ये नेटस्केपने एकाच उत्तराचे अनेक भाग सर्व्हरकडून एकामागून एक धाडण्याची सोय केली. १९९९ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्स्प्लोरर ५ मध्ये संपूर्ण पान नव्याने न मागविता पार्श्वभूमीवर प्रश्न विचारण्याचे साधन उपलब्ध झाले; पुढे तेच एक्सएमएलएचटीटीपीरिक्वेस्ट या नावाने सर्वत्र रूढ झाले. या साधनावर 'लाँग पोलिंग' ही युक्ती उभी राहिली. ब्राउझर प्रश्न विचारतो. सर्व्हर उत्तर देण्याची घाई करीत नाही. काही घडेपर्यंत तो प्रश्न तसाच धरून ठेवतो, आणि उत्तर मिळताच ब्राउझर पुढचा प्रश्न धाडतो. २००६ मध्ये अ‍ॅलेक्स रसेल यांनी या प्रकारच्या सर्व युक्त्यांना 'कॉमेट' असे नाव दिले.

या युक्तीचे दोष सर्वज्ञात आहेत. प्रत्येक फेरीस शीर्षकांचा भार पडे. १९९९ च्या आरएफसी २६१६ ने एका क्लायंटने एका सर्व्हरशी दोनांहून अधिक जोडण्या ठेवू नयेत, अशी शिफारस केलेली होती. त्यांपैकी एक कायमची अडकून राही. २०११ च्या आरएफसी ६२०२ मध्ये या अडचणींची पद्धतशीर नोंद आहे. परंतु तिच्या एका गुणाकडे अभ्यासकांचे सहसा दुर्लक्ष होते, आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने तोच महत्त्वाचा आहे. लाँग पोलिंगमध्ये पुन्हा जोडणे हा अपवाद नसून नित्यक्रम होता. प्रत्येक उत्तरानंतर क्लायंटला नवा प्रश्न पाठवावाच लागे. 'मला अमुक क्रमांकापर्यंतची माहिती मिळाली आहे, पुढची द्या' असे सांगण्याची जागा त्या प्रश्नात आपोआप तयार होई. शिवाय प्रश्नास मुदत असे. मुदत टळली की काहीतरी बिघडले आहे, हे उघड होई. जोडणी तुटणे आणि पुन्हा जुळणे यांसाठी वेगळा प्रोग्रॅम लिहावा लागत नसे; जो मार्ग दररोज शेकडो वेळा तुडविला जाई, तोच संकटकाळीही उपयोगी पडे.

४. दोन भावंडे

एचटीएमएलच्या नव्या मसुद्याचे संपादक इयन हिक्सन यांच्या देखरेखीखाली या प्रश्नाची दोन भिन्न उत्तरे आकारास आली. पहिले उत्तर 'सर्व्हर-सेंट इव्हेंट्स' हे होय. त्याची मूळ कल्पना २००४ पासूनच्या मसुद्यात असून, २००६ मध्ये ऑपेरा ब्राउझरने ती प्रायोगिक स्वरूपात अमलात आणली. येथे प्रवाह सर्व्हरकडून क्लायंटकडे असा एकमार्गी आहे. जोडणी तुटली तर ब्राउझर स्वतःच काही काळ थांबून ती पुन्हा जोडतो. आणि शेवटी मिळालेल्या घटनेचा क्रमांक सर्व्हरला कळवितो, जेणेकरून मधले राहिलेले भाग सर्व्हरला पुन्हा पाठविता यावेत. लाँग पोलिंगमधील नित्यक्रम येथे ब्राउझरने आपल्या अंगावर घेतला, असे म्हणता येईल.

दुसरे उत्तर म्हणजे वेबसॉकेट. मसुद्यात आरंभी 'टीसीपीकनेक्शन' या नावाने असलेल्या कल्पनेस २००८ च्या जूनमध्ये हिक्सन आणि मायकेल कार्टर यांच्या चर्चेतून हे नाव मिळाले. येथे प्रवाह दुहेरी आहे. परंतु पुन्हा जोडण्याची अथवा शेवटचा क्रमांक सांगण्याची कोणतीही तरतूद नाही. यामागील तर्क समजण्याजोगा आहे. एकमार्गी प्रवाहात कोणती घटना चुकली हे एका क्रमांकाने सांगता येते. दुहेरी संभाषणात मात्र क्लायंटने पाठविलेला संदेश पोहोचून त्याची पोच हरवली, की संदेशच पोहोचला नाही, हे प्रोग्रॅमचा अर्थ जाणल्याशिवाय ठरविता येत नाही. पैसे वळते करण्याची आज्ञा पुन्हा धाडणे आणि 'टंकलेखन चालू आहे' अशी खूण पुन्हा धाडणे या सारख्या गोष्टी नव्हेत. साल्ट्झर प्रभृतींचे तत्त्व येथे तंतोतंत लागू पडते. तथापि परिणाम असा झाला की, जी गोष्ट लाँग पोलिंगमध्ये नित्याची होती ती वेबसॉकेटमध्ये अपवादात्मक बनली. आणि जो मार्ग क्वचितच तुडविला जातो, तो लिहिण्याचे व तपासण्याचे राहून जाते.

५. सुरक्षिततेचा प्रश्न आणि सांगितले न जाणारे कारण

क्रोम ४ या ब्राउझरमध्ये २००९ च्या अखेरीस वेबसॉकेट उपलब्ध झाले, आणि २०१० मध्ये प्रोटोकॉलचे काम आयईटीएफ या संस्थेकडे गेले. त्याच सुमारास एक गंभीर शंका उपस्थित झाली. वाटेत बसलेली काही मध्यस्थ यंत्रे वेबसॉकेटची वाहतूक ओळखीत नाहीत आणि तिच्यातील मजकुरास सामान्य एचटीटीपी प्रश्न समजून बसतात. अशा वेळी दुष्ट हेतूने रचलेले पान त्या यंत्राच्या साठ्यात खोटी सामग्री घुसवू शकेल, असे लिन-शुंग ह्वांग, अ‍ॅडम बार्थ प्रभृती संशोधकांनी प्रयोगांनी दाखविले. २०१० च्या डिसेंबरमध्ये फायरफॉक्स आणि ऑपेरा यांनी वेबसॉकेट तात्पुरते बंद ठेवण्याचा निर्णय घेतला. २०११ च्या डिसेंबरमध्ये प्रसिद्ध झालेल्या आरएफसी ६४५५ मध्ये यावर तोडगा आला : क्लायंटकडून जाणारी प्रत्येक चौकट दर वेळी नव्या, अंदाज न करता येणाऱ्या ३२ बिटांच्या किल्लीने झाकली जावी, म्हणजे पानाने लिहिलेला मजकूर वाटेत जसाच्या तसा दिसणार नाही.

हा प्रसंग येथे सांगण्याचे कारण असे की, पानावर चालणारा प्रोग्रॅम हा विश्वासार्ह पक्ष नव्हे, ही त्यामागील दृष्टी क्लायंटला मिळणाऱ्या घटनांच्या रचनेतही उतरली आहे. जोडणी होऊ शकली नाही, तर ती का झाली नाही, हे ब्राउझर प्रोग्रॅमला सांगत नाही. यंत्राचे नाव सापडले नाही, सर्व्हरने नकार दिला की प्रमाणपत्र अमान्य ठरले, यांतील भेद प्रोग्रॅमला कळू देऊ नये, अशी प्रमाणग्रंथाचीच आज्ञा आहे. तो कळू दिल्यास कोणतेही पान वापरकर्त्याच्या खाजगी जाळ्याची चाचपणी करू शकेल. थोडक्यात, वापरकर्त्याच्या रक्षणासाठी क्लायंटचे ज्ञान हेतुपुरस्सर मर्यादित ठेवले गेले आहे.

६. चार घटना आणि चार अवस्था

या पार्श्वभूमीवर वेबसॉकेटच्या चार घटना पाहिल्या असता त्यांचे खरे स्वरूप ध्यानी येते. 'ओपन' ही घटना सांगते की, सर्व्हरने १०१ या उत्तराने प्रोटोकॉल बदलण्यास संमती दिली. पुढच्या क्षणी जोडणी टिकून आहे, असे ती सांगत नाही. 'मेसेज' घटना पूर्ण संदेश आल्याचे सांगते. त्यापूर्वीचा एखादा संदेश मागील जोडणीबरोबर हरवला काय, हे सांगत नाही. 'एरर' घटना काहीतरी बिघडल्याचे सांगते. काय बिघडले ते वर दिलेल्या कारणास्तव सांगत नाही. 'क्लोज' घटनेबरोबर एक सांकेतिक अंक मिळतो. १००० म्हणजे रीतसर समाप्ती. १००१ म्हणजे एक टोक निघून गेले, जसे की पान सोडले गेले. परंतु व्यवहारात वारंवार भेटणारा १००६ हा अंक कोणीही पाठविलेला नसतो. जाळ्यावरून तो धाडण्यास बंदीच आहे. समाप्तीचा निरोप न येताच जोडणी संपली, एवढेच तो सुचवितो. म्हणजे तो निरोप नसून निरोपाच्या अभावाची नोंद आहे.

अवस्थाही चारच आहेत : जोडणी चालू असणे, उघडी असणे, मिटत असणे व मिटलेली असणे, यांना ० ते ३ असे अंक दिलेले आहेत. वेबसॉकेटची वस्तू या क्रमाने पुढेच जाते. मिटलेली वस्तू पुन्हा उघडता येत नाही, नवी निर्माण करावी लागते. उघडण्यापूर्वी संदेश पाठविण्याचा प्रयत्न केला तर ब्राउझर स्पष्टपणे अपवाद फेकतो. परंतु मिटत असताना अथवा मिटल्यावर पाठविलेला संदेश तो निमूटपणे टाकून देतो. केवळ साचलेल्या बाइटांची संख्या दर्शविणारा आकडा वाढत राहतो. हा आकडा न पाहणाऱ्या प्रोग्रॅमला संदेश गेला, असेच वाटत राहते.

सर्वांत अर्थपूर्ण आहे ती अनुपस्थिती. आरएफसी ६४५५ मध्ये 'पिंग' आणि 'पाँग' या नियंत्रक चौकटींची योजना आहे. त्यायोगे एक टोक दुसऱ्याची हालहवाल विचारू शकते. परंतु ब्राउझरमधील प्रोग्रॅमला पिंग पाठविण्याचे अथवा आलेला पिंग पाहण्याचे साधनच दिलेले नाही. सर्व्हरच्या पिंगला ब्राउझर परस्पर उत्तर देतो. म्हणून सर्व्हरला क्लायंट जिवंत असल्याचे कळू शकते. क्लायंटला मात्र सर्व्हरविषयी ती सोय नाही. वाय-फायच्या कक्षेतून मोबाइलच्या जाळ्यात गेलेल्या फोनवर जोडणी प्रत्यक्षात संपलेली असूनही तिची अवस्था काही काळ 'उघडी' अशीच राहू शकते, ती यामुळेच. टीसीपीचे १९८१ मधील मौन येथे जसेच्या तसे वर आलेले आहे.

७. क्लायंटने उचललेला भार

ही उणीव भरून काढण्यासाठी क्लायंटच्या बाजूस जी तंत्रे रूढ झाली, त्यांत नवनिर्मितीपेक्षा पुनरावृत्तीच अधिक दिसते. पहिले तंत्र हृदयस्पंदनाचे. क्लायंट व सर्व्हर ठराविक अंतराने सामान्य संदेशाच्या रूपातच परस्परांची चौकशी करतात, आणि मुदतीत उत्तर न आल्यास जोडणी मृत मानतात. मृत मानल्यावर 'क्लोज' घटनेची वाट पाहत बसणे उपयोगाचे नसते. कारण दुसरे टोक निरुत्तर असताना ती घटनाही विलंबानेच येते. जुन्या वस्तूच्या घटनांकडे यापुढे लक्ष न देता नवी वस्तू निर्माण करणे हाच मार्ग उरतो. तसे न केल्यास जुन्या जोडणीची उशिरा आलेली 'क्लोज' घटना नव्या, सुस्थितीतील जोडणीच्या मुळावर येते.

दुसरे तंत्र थांबून थांबून पुन्हा जोडण्याचे. सर्व्हर बंद होऊन पुन्हा सुरू झाला की सहस्रावधी क्लायंट एकाच क्षणी त्याच्यावर तुटून पडतात, आणि उभा राहू पाहणारा सर्व्हर पुन्हा कोसळतो. याचा उपाय वेबहून पुष्कळ जुना आहे. हवाई विद्यापीठात १९७१ मध्ये कार्यान्वित झालेल्या नॉर्मन अ‍ॅब्रमसन यांच्या अलोहा या रेडिओ-जाळ्यात दोन संदेशांची टक्कर झाली असता प्रत्येक स्थानकाने यदृच्छया निवडलेल्या कालानंतर पुन्हा प्रयत्न करावा, अशी योजना होती. इथरनेटमध्ये प्रत्येक टकरीनंतर या कालाची कमाल मर्यादा दुप्पट होत जाते. दहाव्या टकरीनंतर ती वाढत नाही, आणि सोळा प्रयत्नांनंतर नाद सोडला जातो. आरएफसी ६४५५ ने हाच उपाय वेबसॉकेटच्या क्लायंटसाठी सुचविला असून, पहिला विलंब शून्य ते पाच सेकंदांमधील कोणताही असावा, असे म्हटले आहे. मात्र सुचविणे आणि अमलात आणणे यांत अंतर आहे : ब्राउझर हे करीत नाही, प्रोग्रॅमलाच ते करावे लागते.

तिसरे तंत्र हरवलेल्या संदेशांच्या भरपाईचे, आणि सर्वांत उपेक्षित राहिले तेही हेच. सॉकेट.आयओ या ग्रंथालयाचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. गिएर्मो राउख यांनी २०१० मध्ये ते सुरू केले. ज्या ब्राउझरमध्ये वेबसॉकेट नसेल तेथे लाँग पोलिंगने काम भागवावे आणि तुटलेली जोडणी आपोआप जुळावी, हा त्याचा मूळ हेतू. आरंभीच्या आवृत्त्यांत स्पंदनाचा प्रश्न क्लायंट विचारीत असे. परंतु ब्राउझरमधील कालमापकांवर विसंबता येत नाही, असा अनुभव आल्याने २०२० मधील तिसऱ्या आवृत्तीत दिशा उलटविण्यात आली. आता प्रश्न सर्व्हर विचारतो, क्लायंट उत्तर देतो, आणि ठरल्या वेळी प्रश्न न आल्यास क्लायंट जोडणी तुटली असे समजतो. ही शंका अनाठायी नव्हती : २०२१ च्या जानेवारीत आलेल्या क्रोम ८८ ने पाच मिनिटांहून अधिक काळ दृष्टिआड असलेल्या पानांच्या बहुतेक कालमापकांस मिनिटातून एकदाच जागे होण्याची मुभा ठेवली. वीज वाचविण्याच्या या रास्त उपायाने पंचवीस सेकंदांच्या स्पंदनावर उभी असलेली गणिते विस्कटू शकतात. आणि तुटलेल्या काळातील संदेश पुन्हा मिळवून देण्याची अंगभूत सोय त्या ग्रंथालयात २०२३ मध्ये, म्हणजे आरंभापासून सुमारे तेरा वर्षांनी, आली. सर्व्हर-सेंट इव्हेंट्समध्ये जी गोष्ट मुळापासून होती, ती वेबसॉकेटच्या जगात इतका दीर्घ प्रवास करून पोहोचली.

८. समारोप

मध्यंतरी वेबसॉकेटच्या वाहनात बदल झाले. २०१८ च्या आरएफसी ८४४१ ने ते एचटीटीपी/२ वर, व २०२२ च्या आरएफसी ९२२० ने एचटीटीपी/३ वर नेण्याची वाट मोकळी केली. परंतु क्लायंटला दिसणाऱ्या चार घटना व चार अवस्था त्यामुळे बदलल्या नाहीत; त्या जे सांगत नव्हत्या ते आजही सांगत नाहीत.

वरील विवेचनावरून हे स्पष्ट व्हावे की, क्लायंटवर पडलेला भार कोणा एकाच्या हलगर्जीपणाचे फळ नव्हे. टीसीपीने जाळ्याच्या हितासाठी मौन स्वीकारले. ब्राउझरने वापरकर्त्याच्या सुरक्षिततेसाठी कारणे झाकली. आणि वेबसॉकेटने प्रोग्रॅमच्या स्वातंत्र्यासाठी पुनर्जोडणी मोकळी सोडली. प्रत्येक निर्णय आपल्या जागी समर्थनीय आहे. परंतु तिन्ही निर्णयांची बेरीज ज्याच्या माथी आली, त्या क्लायंटला ती आली असल्याची जाणीव चार घटनांच्या सुटसुटीत यादीतून होत नाही.

यास्तव पदव्युत्तर वर्गात हा विषय शिकविताना संदेश आल्यावर काय करावे, येथून आरंभ न करता, संदेश न आल्यास काय करावे, येथून करणे अधिक योग्य होईल. विद्यार्थ्याने आपल्या प्रोग्रॅमचा अवस्थाआलेख काढावा. ब्राउझरच्या चार अवस्थांखेरीज 'उघडी परंतु संशयास्पद' आणि 'तुटलेली परंतु पुन्हा जोडण्याच्या प्रतीक्षेत' या दोन अवस्था त्यात स्वतंत्रपणे दाखवाव्यात. आणि त्या दोन्हींमध्ये असताना पडद्यावरील माहिती शिळी असू शकते, हे वापरकर्त्यास कसे कळेल, याचे उत्तर द्यावे. हे उत्तर ज्या प्रोग्रॅममध्ये नाही, तो सुस्थितीत कितीही त्वरित चालत असला तरी त्यावर भिस्त ठेवता येणार नाही.